बोटीखाली आमचं जुनं गाव आहे

प्रति,
तापी-पूर्णेच्या पाण्यात नौकाविहाराचा ठेका देणारे अधिकारी, पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,
सविनय नमस्कार.

या ठेक्यातल्या मोटरबोटी ज्या रीतीने चालतात त्याबद्दल आम्ही गावातून दोनदा अर्ज दिले. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर आलं नाही. आमच्या शेजारच्या चांगदेव गावात एका कोऱ्या पत्राची गोष्ट लहान पोरांनाही ठाऊक असते. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे योगी चांगदेवांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. त्या कोऱ्या कागदालाही 65 ओव्यांचं उत्तर आलं. आमचे अर्ज कोरे नव्हते. त्यांत तारखा होत्या, बोटीत किती माणसं भरली ते होतं, गावातल्या बायामाणसांच्या सह्या आणि अंगठे होते. म्हणून आता हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मी जळगाव जिल्ह्यात, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी राहते. भोई समाजातली आहे, नावाड्याची लेक आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या बाबांचं सगळं आयुष्य नावेवर गेलं. भाऊ आजही पहाटे जाळं काढायला जातो. 1982 साली धरण पूर्ण झालं, आमचं जुनं गावठाण पाण्यात गेलं आणि गाव वरच्या बरडावर येऊन बसलं. माझा जन्म नव्या गावातला. जुनं गाव मला बाबांनी नावेतून दाखवलं. वल्हं थांबवून ते पाण्याकडे बोट करायचे. ही आपली गल्ली, ही पाटलाची विहीर, इथे जपून, खाली मारुतीचा ओटा आहे. मला वरून नुसतं हिरवं पाणी दिसायचं. पण एप्रिल उजाडला, पाणी उतरलं, की तो ओटा त्यांनी सांगितलेल्या जागीच वर यायचा. त्याच्या बाजूला घरांच्या दगडी भिंती, विहिरीचा कठडा, बाभळींची काळी पडलेली खोडं.

हे सांगायचं कारण एवढंच, की तुम्ही ज्या पाण्याचा ठेका दिला ते आमच्या लेखी मोकळं पाणी नाही. त्याखाली भिंती आहेत. दिवाळीनंतर धरण भरलेलं असतं तेव्हा त्यांतल्या उंच भिंतींवर हात-दोन हात पाणी असतं. वल्ह्याचा डोंगा तिथून सरकून जातो. मोटरबोट जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमचा नौकाविहाराला विरोध नाही. खान्देशाला समुद्र नाही. आमच्याकडच्या माणसाला मोठं पाणी बघायचं तर घाट उतरून कोकण गाठावं लागतं, आणि ते सगळ्यांना परवडत नाही. जळगाव, भुसावळ, रावेरकडून लोक लेकरंबाळं घेऊन रविवारी इकडे येतात. चांगदेवचं जुनं दगडी मंदिर बघतात, मेहूणला मुक्ताईचं दर्शन घेतात. 1297 साली मुक्ताई तिथे तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मग संगमावर येऊन बसतात. मुलताईहून आलेली तापी आणि वऱ्हाडातून आलेली पूर्णा इथे भेटतात. हे बघायला माणसं यावीत, नावेत बसावीत, आमच्या बायकांच्या हातची कळण्याची भाकरी आणि मासे खाऊन जावीत, असंच आम्हाला वाटतं. आमची तक्रार तुम्ही हे ज्या रीतीने सुरू केलं त्याबद्दल आहे.

गेल्या महिन्यातला एक रविवार सांगते. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. मी घाटावर वहिनीबरोबर जाळ्यातला कचरा निवडत होते. ठेकेदाराची मोटरबोट निघाली. बोटीच्या अंगावर रंगाने 12 प्रवासी असं लिहिलेलं आहे. मी मोजली ती 21 माणसं, त्यांत सात-आठ लेकरं. वर्गात रोज डोकी मोजायची सवय, घाटावरही मोजली जातात. बोट जुन्या गावठाणावर आली आणि जागच्या जागी थांबली. इंजिनाचा आवाज चढत गेला, बोट हलेना. तिचा तळ मारुतीच्या ओट्याजवळच्या भिंतीवर टेकला होता. चालकाने आणखी जोर लावला तसं पंख्यात जाळं गुंतलं आणि इंजिन बंद पडलं. मग माणसं घाबरून उभी राहिली. काय झालं ते बघायला सगळी एका अंगाला सरकली, बोट कलली, पाणी आत आलं. आम्ही काठावरून ओरडत होतो, "बसा, खाली बसा!" वाऱ्यात काही ऐकू जात नव्हतं.

माझा भाऊ आणि चुलतभाऊ दोन डोंगे घेऊन गेले. पहिल्या खेपेला लेकरं आणली. त्यांतली एक चार-पाच वर्षांची मुलगी मी उचलून घेतली. तिच्या अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट होतं, कानांपर्यंत वर सरकलेलं. मी पट्टा हातात घेऊन पाहिला. बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. ही पोर पाण्यात पडली असती तर जॅकेट वर तरंगलं असतं आणि ती खालून निसटली असती. सगळ्या बोटीत मिळून जॅकेटं होती सहा.

कोणी दगावलं नाही, म्हणून त्याची बातमी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बोट तीच जॅकेटं घेऊन पुन्हा पाण्यात होती.

आता आमचे मुद्दे मांडते.

सगळ्यांत आधी, पाणी ओळखणाऱ्या माणसांना तुम्ही बाजूला केलं. बोटी बाहेरून आल्या, चालक बाहेरून आले, आणि आमच्या मच्छीमार संस्थेला कागद आला की सुरक्षेच्या कारणास्तव स्थानिक नावांनी प्रवासी नेऊ नयेत. सुरक्षेची काळजी आम्हालाही आहे. बाबांच्या नावेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी डांबराची एक रेघ ओढलेली होती. माणसं चढू लागली की ते त्या रेघेकडे बघत राहायचे. पाणी रेघेला लागलं की पुढचा माणूस काठावरच थांबायचा, मग तो घरचा पाहुणा का असेना. बायका-लेकरं मध्ये, दणकट गडी दोन्ही टोकांना. कोणी उभा दिसला तर, "बस भो, पह्यले खाली बस, मंग हालवतो नाव." महाशिवरात्रीच्या यात्रेत एवढी गर्दी असायची, तरी त्यांनी ही रीत मोडली नाही. त्या रेघेपेक्षा चांगली व्यवस्था तुम्ही आणली असती तर मी स्वतः शाळेतल्या पोरांना घेऊन ती बघायला आले असते. आली ती 12 जणांच्या बोटीत 21 माणसं भरणारी व्यवस्था.

दुसरं, कायदा. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली देशात अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, चालकाची पात्रता, जीव वाचवण्याची साधनं, हे सगळं त्यात आहे. घाटावर चालणाऱ्या बोटींच्या कागदांची प्रत आम्ही मागितली, ती मिळाली नाही. कागद असतील तर घाटावर फलकावर लावायला काय हरकत आहे? नसतील तर बोट पाण्यात कशी आहे?

तिसरं, वारा. रावेर-मुक्ताईनगरच्या केळीवाल्याला विचारा, मे-जूनमध्ये दुपारनंतर काय होतं. अर्ध्या तासात आभाळ भरतं, धूळ उठते आणि उभ्या बागा आडव्या होतात. तोच वारा पाण्यावरही येतो. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या मधे बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि 6 माणसं गेली. आमचे लोक उन्हाळ्यात दुपारी पाण्यात जात नाहीत, पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परत येतात. ठेकेदाराच्या फलकावर वेळ लिहिली आहे सकाळी 9 ते सायंकाळी 6, बारा महिने.

बारा महिने म्हणजे पावसाळाही आला. हतनूरला 41 दरवाजे आहेत. पाऊस बऱ्हाणपूरला, चिखलदऱ्याला, अकोल्याकडे पडतो आणि पाणी इथे येतं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना दरवाजे उघडलेले असतात. तेव्हा वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला धरणाकडे ओढ लागते. ती ओढ काठावर उभं राहून कळत नाही, वल्ह्याला कळते. अशा दिवसांत इंजिन बंद पडलेली बोट कुठे जाईल याचा विचार ठेका देताना कोणी केला होता का, एवढंच मला विचारायचं आहे.

खान्देशाला हे दुःख नवीन नाही. 15 जानेवारी 2019 ला, संक्रांतीच्या दिवशी, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात भूषा इथे नर्मदेत नाव उलटली आणि सणाला निघालेल्या आदिवासी कुटुंबांतली लेकरं गेली. नाव गच्च भरलेली होती. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. ती बातमी आली त्या दिवशी मी वर्गात होते. माझ्या वर्गातली पोरं त्याच वयाची. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली, आणि त्यानंतर गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जॅकेट घालायला लावू लागले. आमच्या घाटावर ते आधीच सुरू करा, एवढी साधी मागणी आहे ही.

चौथा मुद्दा जाळ्यांचा. जलाशयातली मासेमारी आमच्या संस्थेने रीतसर पैसे भरून घेतलेली आहे. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं. त्यात कटला, रोहू, कधी मरळ, कधी वाम. मोटरबोटी ठरलेल्या वाटेने जात नाहीत, गिऱ्हाईक म्हणेल तिकडे वळतात. हिवाळ्याच्या या तीन महिन्यांत भावाची चार जाळी फाटली. एक जाळं पुन्हा विणायला आणि शिसं-तरंगे लावायला वहिनीचे आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस घरात मासा नाही, बाजारात विकायला काही नाही. भरपाई मागायला गेलो तर ठेकेदार म्हणतो जाळं वाटेत का लावलं. वाट कुठली, ती कोणी आखलेलीच नाही.

पक्ष्यांबद्दल जास्त लिहीत नाही, त्यांचे अभ्यासक आहेत, ते बोलतीलच. पण थंडीत या फुगवट्यावर चक्रवाक, लालसरी, थापट्या हजारो मैलांवरून येतात. त्यांच्या थव्यात बोट घालून तो उडवायचा आणि मोबाइलवर चित्रण करायचं, हा खेळ म्हणून विकला जातो आहे. पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत तर बोटीत बसून बघणार काय?

आणि चांगदेवचं मंदिर. ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. तिकीटघर आणि धक्का मंदिरालगत करायचं घाटत आहे असं कानावर येतं. खरं नसेल तर तसं जाहीर करा, लोकांचा जीव भांड्यात पडेल.

शेवटचा मुद्दा पोटाचा. धरण झालं तेव्हा आमच्या लोकांची शेतं गेली, नदीकाठच्या टरबुजाच्या वाड्या गेल्या. तेव्हा सांगितलं होतं, पाणी तुमचंच आहे, मासे धरा, नावा चालवा. या पाण्यावर दीपनगरची वीज तयार होते, शहरांना पाणी जातं, त्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण नावेवर बसलेल्या प्रवाशाचे पैसेही आता गावाबाहेर जाणार, आणि आमची पोरं रोजंदारीवर बोट ढकलायला राहणार, हे आम्ही मुकाट्याने मान्य करू शकत नाही.

दुसरीकडे हे कसं चालतं ते मी पाहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मालवणला गेले होते. आमच्या पोरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. एक पोरगा पाणी चाखून बघत राहिला, खारट लागतं हे पुस्तकात वाचूनही त्याचा विश्वास बसत नव्हता. धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होड्या तिथल्याच लोकांच्या. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि त्या खडकांतून होडी काढणारा माणूस त्याच पाण्याकाठी वाढलेला. परवाना सागरी मंडळाचा, पावसाळ्यात फेऱ्या बंद, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. पण मासे धरणारं घरच पाहुण्याला ठेवून घेतं, जेवू घालतं, होडीतून फिरवून आणतं, आणि गावातला पैसा गावात राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मालवणला जे जमतं ते तापीकाठी का जमू नये?

आमच्याकडूनही काही राहिलं आहे, ते लपवत नाही. बाबांच्या नावेत रेघ होती, जॅकेट एकही नव्हतं. आमच्या डोंग्यांची कुठे नोंद नाही. बुडालेल्याच्या पोटातलं पाणी काढायला त्याला पालथं घालून पाठ दाबणं एवढंच आमच्या जुन्या माणसांना माहीत आहे, आणि ते चूक आहे हे मला शाळेतल्या प्रशिक्षणात कळलं. आम्हाला शिकायचं आहे. शिकवा, परीक्षा घ्या, जो नापास होईल त्याला वल्हं हातात देऊ नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

येत्या महाशिवरात्रीच्या आधी सगळ्या मोटरबोटींची तपासणी करा आणि ती होईपर्यंत फेऱ्या थांबवा. बोटीची क्षमता, नोंदणी, विमा, चालकाचं नाव आणि परवाना घाटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. जॅकेट घातल्याशिवाय एकही माणूस चढणार नाही, आणि लेकरांसाठी लेकरांच्या मापाची जॅकेटं असतील. जितकी माणसं बसली तितकी वहीत लिहून मगच बोट सुटेल, ती वही रोज ग्रामपंचायतीत जमा होईल.

जुन्या गावठाणाची, विहिरींची आणि झाडांच्या खोडांची जागा तरंगत्या खुणा लावून दाखवा. त्या लावायला आमची माणसं एक रुपया न घेता येतील. बोटींची वाट आखा. ती जाळ्यांपासून आणि हिवाळ्यात पक्ष्यांच्या बसण्याच्या जागांपासून लांब असू द्या.

पावसाळ्यात, म्हणजे धरणाचे दरवाजे उघडण्याच्या दिवसांत, फेऱ्या पूर्ण बंद. उन्हाळ्यात दुपारनंतर बंद. घाटावर वाचवायला जाणारी एक नाव आणि दोन पट्टीचे पोहणारे कायम हजर.

ठेक्याचा फेरविचार करा. नौकाविहाराचं काम स्थानिक मच्छीमार संस्थेला प्रशिक्षण आणि परवान्यासह द्या. तेवढं एकदम शक्य नसेल तर निदान प्रत्येक बोटीवर या पाण्यात वाढलेला एक नावाडी असलाच पाहिजे, अशी अट घाला. फाटलेल्या जाळ्यांची भरपाई द्या. वल्ह्याच्या नावांची नोंद ग्रामपंचायतीत सुरू करा, म्हणजे आमच्यावरही नियम लागू होतील.

आणि आमच्या अर्जांना लेखी उत्तर द्या. नकार असला तरी चालेल, कारणासह द्या.

एक विनंती उरते. हे सगळं कागदावर खरं वाटत नसेल तर एप्रिलच्या शेवटी एका पहाटे घाटावर या. पाणी उतरलेलं असतं, वारा पडलेला असतो. भाऊ वल्हं मारेल, मी बरोबर असेन. मारुतीच्या ओट्यापाशी नाव लावू, तुम्ही उतरून त्या भिंतीवर उभे राहा. गेल्या महिन्यात बोट टेकली तिथे दगडावर पांढरा ओरखडा पडला असणार. तो तुम्हाला हाताने चाचपून बघता येईल.

आपली,
तापीकाठच्या भोईवाड्यातली एक शिक्षिका